जाड दांडा

चोवीस सेकंद लागायचे.
पाचर ओंडक्यात शिरून, लाकूड फाडून,
पुन्हा मागे येऊन टेकायला चोवीस.
मोबाईलवर मोजले होते मी, तीनदा.
तेवढ्यात उरकुडा निकुरे
पन्नीतला खर्रा तळहातावर घ्यायचा,
गालात दाबायचा,
आणि राहिलेली गोष्ट पुढे न्यायचा:
मग त्या रानडुकरानं काय केलं,
मग साळ्याची फटफटी कोणाच्या विहिरीत सापडली.
बाभळीच्या एका खोडात एक गोष्ट बसायची.
ऐनाच्या खोडात दीड.

नागभीडच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे आमची टाल.
धाब्याला पाच क्विंटल, आचाऱ्याला दहा,
त्यांचं आधी ठरलेलं असतं.
मयतीचा फोन वेळ पाहून येत नाही.
आला की तीन क्विंटल, कोरडं, लगेच.
एप्रिलात एकाच दुपारी तीन फोन आले
आणि तिसऱ्या घरचा माणूस
काट्याशेजारी उभा राहून
पाचर पुढे जाताना बघत राहिला,
मागे येताना बघत राहिला.
त्याच रात्री मी अफसर मिस्त्रीला लावला फोन.

तो हिंगण्याहून आला, पाठीवर पिशवी,
पिशवीत पाने, रबराच्या रिंगा, आईनं दिलेला डबा.
पंप दोन टप्प्यांचा बसवला:
लाकूड लागेपर्यंत हा धावतो,
गाठ लागली की चाल सोडतो, जोर धरतो.
टाकी दुप्पट केली,
आमच्याकडे मे महिन्यात तेल चहासारखं तापतं.
मग सिलिंडरचा जुना दांडा काढून
दोन बोटं जाड असा नवा घातला.
मी म्हटलं, जाड कशाला? जड होईल नं.
तो हसला. कापसाच्या बोळ्यानं दांडा पुसत म्हणाला,
"दांडा जाड तं भोवतालची जागा कमी.
जागा कमी तं तेल कमी.
जाताना तेवढंच लागते, भाऊ.
परत मात्र लवकर येते."

आता नऊ सेकंद.
उरकुड्यानं पन्नी उघडली
तोवर पाचर परत येऊन टेकली होती.
त्यानं पन्नी मिटून खिशात ठेवली.
सोमवार, मंगळवार, बुधवार,
रानडुक्कर तीन दिवस नाल्याच्या काठावर उभं आहे,
पुढचा पाय उचललेला.

भिंतीकडेला गाठाळ ओंडक्यांचा ढीग होता,
जुन्या मशीननं नाकारलेला, वर्षानुवर्षांचा.
तेही फोडले.
पंपाचा आवाज खाली उतरायचा,
घाटात ट्रक उतरतो तसा,
मग आतून कडकन् सुटायचं.
एका चिंचेच्या गाठीत भोवरा निघाला,
लेकराच्या टाळूवर असतो तसा, उजवीकडे फिरलेला.
त्याच्या शेजारचा ओंडका उरकुड्यानं लावलाच नाही मशीनला.
"बसाले राहू दे," म्हणाला.

शुक्रवारी फोन आला मिंडाळ्याहून.
लाकूड आधीच फोडून, वाळवून, रचून ठेवलेलं.
काट्यावर घेतलं, ट्रॅक्टरमध्ये भरलं,
ताडपत्री बांधली,
पावती फाडली.
सगळं मिळून पंधरा मिनिटं.
मी थोडा खूश होतो, खोटं कशाला बोलू.

ट्रॅक्टर गेला.
पोरगा गेला नाही.
चोवीस-पंचवीसचा असेल, पायात दोन वेगळ्या चपला,
त्या ओंडक्यावर बसला होता.
"जातो," म्हणाला, आणि बसून राहिला.
"एवढ्यात झालं का हो," म्हणाला,
आम्हाला नाही, कोणालाच नाही.
घरी अंगणात माणसं जमली असतील,
सगळ्यांना काहीतरी विचारायचं असेल त्याला.

उरकुड्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
सरळ गेला आणि मशीन बंद केली.
तेल टाकीत निवत गेलं,
लोखंड हळूहळू टिकटिकलं.
त्यानं पन्नी काढली,
अर्धा खर्रा पोराच्या तळहातावर ठेवला,
अर्धा स्वतःच्या.
शेजारी जमिनीवरच बसला
आणि नाल्याच्या काठावरून नाही,
पार पहिल्यापासून सुरुवात केली:
"एक डुक्कर होतं गा..."